मंडईच्या तोंडावर अडलेला बोल्ट

थंडी पडायला लागली की लोकांना काय काय आठवतं. कुणाला शेकोटी, कुणाला शाळेची सहल, कुणाला जुनं प्रेम. मला बोल्ट आठवतो. आज सकाळी आमच्या गल्लीतून नाटकाची जाहिरात करणारा ऑटो गेला. भोंग्यातून आधी खलनायकाचं हसू आलं, मग प्रवेशिकेचे दर आले, आणि मी तव्यावरची पोळी तशीच सोडून अंगणात गेले आणि गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाकडे बघत उभी राहिले. पोळी करपली. तिचा दोषही मी त्या बोल्टच्याच नावावर मांडला.

ज्यांना आमच्याकडचा हिवाळा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गडचिरोली-चंद्रपूरकडे धान कापून, मळून घरात आलं की गावोगावी मंडई भरते. ज्या गावची मंडई, त्या गावात त्या रात्री नाटक. लेकी-जावई येतात, सोयऱ्यांचे सोयरे येतात, घरात पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि कुणी कुणाला 'कसे आलात' म्हणून विचारत नाही. मुली बघायचे कार्यक्रमसुद्धा याच गर्दीत उरकतात. दिवाळीनंतर सुरू झालेलं हे वेड होळीपर्यंत टिकतं. धानाच्या बांध्यांमध्ये तोवर लाखोळीचं पीक हिरवं झालेलं असतं, सकाळी धुकं असतं, आणि हवेला नव्या तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, वास असतो. या वासाबरोबर मला गेल्या वर्षापासून गंजाचाही वास येतो.

माझे बाबा उमेदीची सगळी वर्षं हिवाळ्यात पायपेटी वाजवत हिंडले. पावसाळ्यात शेतकरी, हिवाळ्यात पेटीमास्तर. पायपेटी म्हणजे पायानं भाता मारायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं ते ऑर्गन. उजव्या हातानं गाणं, आणि डाव्या हाताची करंगळी षड्जावर, अंगठा पंचमावर. ही दोन बोटं नाटक संपेपर्यंत हलायची नाहीत. गाणारा कुठंही भरकटला तरी परत यायला त्याला ते दोन सूर लागत, असं बाबा सांगायचे. आईचं मत वेगळं होतं. हिवाळाभर घरात नसणाऱ्या नवऱ्याबद्दल बायकांचं जे मत असतं ते. बैलगाडीत आधी तणसाची जाड गादी घालायची, त्यावर आईनं शिवलेली गोधडी, मग पेटी, आणि पेटीवर आणखी एक गोधडी. पेटीला धक्का लागता कामा नये. आम्ही भावंडं मात्र गाडीच्या उघड्या फळीवर बसून हाडं मोजत जायचो. आई एकदा म्हणाली होती, 'पेटीलेच घेऊन झोपा आता.' बाबांनी ते मनावर घेतलं नाही.

गेल्या हिवाळ्यात धक्का लागू नये अशी पाळी बाबांचीच आली. पाठीचा एक मणका दबलेला. कमरेला पट्टा. डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं की चाला, बसा, पण गचके नकोत. बाबा आता माझ्याकडे गडचिरोलीत राहतात, आणि मार्कंड्याच्या अलीकडे वैनगंगेच्या काठाला आमचं गाव आहे, तिथून निरोप आला की यंदाच्या मंडईत नाटकाच्या आधीची नांदी मास्तरांनीच वाजवावी. एवढी एक नांदी, मग पुढचं पोरं बघतील. बाबा 'पाहू' म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी दाढी केली आणि ट्रंकेतला काळा कोट उन्हात टाकायला लावला. मी काय ते समजले. त्यांना न्यायचं हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

आता गाडी. मी धानोरा रस्त्याच्या आत एका गावच्या शाळेत शिकवते, आणि त्या रस्त्यानं माझ्या गाडीचं जे काय करायचं ते केलेलं आहे. पुढच्या डाव्या चाकाचं शॉकअप गेलेलं. धक्के गिळायचं सोडून ते प्रत्येक खड्ड्यात खट् करून वाजायचं, आणि तो खट् बसणाऱ्याच्या थेट पाठीत जायचा. त्या गाडीतून एकदा बाबांना बाजारात नेलं तर दोन दिवस ते अंथरुणावरून उठले नव्हते. भाड्याची गाडी म्हणाल तर मंडईच्या दिवसांत देवाला साकडं घातलं तरी मिळत नाही. शेजारच्यांनी रुग्णवाहिका सुचवली. बाबांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

म्हणून मी धनराज मिस्त्रीकडे गेले. शटर खाली, आणि त्यावर खडूनं लिहिलेलं, 'नाटकात आहे.' माझा मिस्त्री हिवाळ्यात खलनायक असतो. फोन केला तर मागं तालीम चाललेली, कुणीतरी बाई किंचाळत होती, आणि धनराज अत्यंत प्रेमळ आवाजात म्हणाला, ताई, होळीनंतर या, नवीन गाडी वाटन असं करून देतो. होळीनंतर. दुसऱ्या गॅरेजचा पोऱ्या नाटकात नव्हता, पण त्याचा मालक साळ्याच्या गावी मंडईला गेला होता. आमच्या जिल्ह्यात हिवाळ्यात गाडी बिघडवणं हा शुद्ध मूर्खपणा आहे.

मग मी म्हटलं, आपण काढू. चाक मी बदलते, तेल मी बघते, एक नळी काढून दुसरी लावायला काय लागतं? आमचे हे बल्लारपूरला कागद कारखान्यात असतात, आठवड्याला एकदा घरी येतात. त्यांनी चंद्रपूरहून नवं शॉकअप आणलं, सोबत नवा बोल्ट-नट आणला, आणि एका माणसाचा व्हिडिओ पाठवला. त्या व्हिडिओत एक गोरागोमटा माणूस पांढऱ्या शर्टात ते सगळं काम करतो आणि शेवटी त्याचा शर्ट पांढराच असतो. हे स्वतः रविवारी रात्रपाळीला निघून गेले.

मी सकाळी शाळेच्या आधी कामाला लागले. जॅक लावला, सोबत येनाच्या लाकडाचा ओंडका लावला, चाक काढलं. वरचा नट निघाला. खालचा नटही, लोखंडी पाईप पान्याला अडकवून सगळा भार टाकल्यावर, कर्र करून निघाला. मी मनातल्या मनात त्या पांढऱ्या शर्टवाल्याला नमस्कार केला. आता फक्त बोल्ट सरकवून बाहेर काढायचा. तो सरकेना.

त्याचं असं होतं. बोल्ट ज्या लोखंडी नळकांड्यातून जातो त्याच्याभोवती रबर असतं. बोल्ट आणि नळकांडं गंजून एकजीव झालेले. पान्यानं फिरवलं की बोल्ट फिरायचा, माझा जीव भांड्यात पडायचा, आणि पाना सोडला की रबराला पीळ बसलेला असल्यानं तो होता तिथं परत यायचा. हातोडा मारला तर रबर तो मार खाऊन टाकायचं आणि हातोडा उलटा माझ्याकडे यायचा. हलतच नाही अशा गोष्टीचा माणसाला एवढा राग येत नाही. जी हलते, आशा लावते आणि परत जागेवर जाऊन बसते, तिचा येतो. शिक्षण खात्यात इतकी वर्षं काढल्यावर हे मला कळायला हवं होतं.

सल्ले सुरू झाले. आमच्याकडे कुणी गाडीखाली झोपलेलं दिसलं की जाणारा माणूस थांबतोच, थांबला नाही तर त्याला माणूसघाणा म्हणतात. दूधवाला म्हणाला, उलटा फिरवा. पेपरवाला म्हणाला, पहिले थोडा घट्ट करा, मंग सैल करा. एक गृहस्थ तर फाटकाला टेकून बराच वेळ नुसते बघत राहिले आणि जाताना 'अवघड आहे' एवढंच बोलले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात अजून आदर आहे.

शेजारचे लक्ष्मणभाऊ, निवृत्त वनरक्षक, त्यांनी मात्र संध्याकाळी विषय हातात घेतला. घरात जाऊन ते टोरीच्या तेलाची बाटली घेऊन आले. टोरी म्हणजे मोहाची बी. आमच्याकडे टाचा फुटल्या तर टोरीचं तेल, बैलाचा खांदा सोलला तर टोरीचं तेल, कवाड करकरलं तर तेच, आणि पूर्वी वडेही त्यातच तळायचे. भाऊंनी बाटली चुलीजवळ शेकून आणली होती. 'या तेलानं सुटत नाई अशी वस्तू जंगलात नाई,' ते म्हणाले. मी तरी कुठं शहाणी. लहानपणापासून त्या तेलावर वाढलेली. आम्ही दोघांनी मिळून ते सोन्यासारखं तेल फटीफटीत ओतलं, आणि रात्रभर मुरू दे म्हणून समाधानानं घरी गेलो.

रात्री थंडी मी मी म्हणत होती. सकाळी बॅटरी घेऊन गाडीखाली शिरले तर बोल्टच्या भोवती पांढरंशुभ्र, घट्ट, तुपासारखं गोठलेलं. आमच्या घरात दर हिवाळ्यात टोरीच्या तेलाची बाटली गोठते. दर हिवाळ्यात आम्ही ती चुलीजवळ ठेवतो. भाऊंनी तर आदल्या दिवशी शेकूनच आणली होती. जी बाटली शेकल्याशिवाय ओतता येत नाही, तिच्यातलं तेल रात्रभर उघड्या अंगणात पातळ कसं राहील, हा प्रश्न दोन जाणत्या माणसांपैकी एकालाही पडला नाही. होती नव्हती ती फटही आम्ही लिंपून ठेवली होती. भाऊ वाकून बघून म्हणाले, आता ऊन येऊ द्या. ऊन यायच्या वेळेला मी एसटीनं शाळेत गेलेली. संध्याकाळी घरी यावं तर पुन्हा गारठा. असा तो बोल्ट रोज माझ्या गैरहजेरीत विरघळायचा आणि मी आले की थिजायचा. शाळेत त्या आठवड्यात मी पोरांवर विनाकारण ओरडले. एकीनं विचारलं, बाई, घरी कोणी बिमार हाय का? मी हो म्हटलं.

मंडई जवळ येत होती. गावाकडून रोज कुणाचा तरी फोन, मास्तर येऊन राह्यले ना? मी रोज हो सांगायची. बाबा हे ऐकत खुर्चीत बसलेले असायचे. अंगात बंडी, कानाला मफलर, उन्हाच्या मागे मागे खुर्ची सरकवत. एवढे दिवस मी गाडीखाली कुथत होते, पण त्यांनी एकही सल्ला दिला नव्हता. अख्ख्या गडचिरोलीत गप्प बसलेला तेवढा एकच माणूस होता.

मग रविवार आला. यांना त्या आठवड्यात सुट्टी मिळाली नव्हती. पुढच्या दोन दिवसांत निघायचं होतं. ऊन चांगलं तापू दिलं, तेल वितळलं, थेंब थेंब माझ्या कपाळावर पडलं, आणि बोल्ट तरीही फिरला आणि परत जागेवर आला. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही. बाबा पहिल्यांदा बोलले.

'राहू दे बाई. नाई निघत तं नाई निघत. आपण नाई जाऊ.'

त्या आवाजात मला दुःख ऐकू आलं नाही. सुटका ऐकू आली. मी गाडीखालून बाहेर आले.

'तुम्हाला जायचं नाही?'

बाबांनी डावा हात खुर्चीच्या हातावर ठेवला, पेटीवर ठेवतात तसा. करंगळी दाबली. ती क्षणभर राहिली आणि आपोआप वर उठली. त्यांनी परत दाबली. परत उठली.

'षड्ज धरत नाई आता हे बोट,' ते म्हणाले. 'मी दाबतो, अन् ते उठते. सूर तुटते. गाणाऱ्यानं जावं कुठी मंग? त्या गावात मी कदी सूर तुटू देल्ला नाई. तो बोल्ट अडला तं मले वाटलं, बरं झालं. गाडीवर नाव जाईन.'

मला राग आला. म्हणजे मी इथं थंडीत पाठ मोडून घेतेय आणि हे मनातून बोल्टच्या बाजूचे. मग ती करंगळी दिसली आणि रडू आलं. मग रडू आलं म्हणून पुन्हा राग आला. किती दिवस खुर्चीत बसून हा माणूस एकट्यानं ते बोट दाबून बघत असेल. मी म्हणाले, 'जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. हा बोल्ट मात्र आज मी काढणार.'

काढायचा एकच मार्ग उरला होता, कापायचा. लोखंड कापायचं पातं घेतलं, त्याच्या एका टोकाला फडकं गुंडाळलं, आणि नळकांड्याच्या बाजूच्या चिंचोळ्या फटीत घालून घासायला लागले. रागात घासत होते, भराभर. पातं अडकायचं, वाकायचं. एक तुटलंच. दुसरं घेतलं. थोड्या वेळानं वरून आवाज आला.

'पळून राह्यली तू. लय धर. लांब हात मार.'

आणि मग टाळीसारखं काहीतरी. बाबा खुर्चीच्या हातावर पंजानं ठेका देत होते. बोटं ऐकत नसली तरी पंजा ऐकत होता. मी त्या ठेक्यावर पातं ओढायला लागले. एका मात्रेला पुढे, एका मात्रेला मागे. पातं अडकायचं थांबलं. लोखंडाचा बारीक चुरा माझ्या बाहीवर पडत राहिला. मी चुकले की ते थांबायचे, मी सावरले की पुन्हा सुरू. लहानपणी हिवाळाभर घरात नसलेल्या बापाबरोबर मी असं काहीच कधी केलं नव्हतं. ते मला त्या वेळी सुचलंही नाही, कारण हात भरून आले होते आणि नाकात गंज गेला होता.

आधी एक बाजू तुटली. दुसरी बाजू कापेपर्यंत ऊन उतरायला लागलं. शेवटी पातं एकदम मोकळं झालं आणि मधला तुकडा, नळकांड्याला तसाच चिकटलेला, शॉकअपच्या कडीत लोंबायला लागला. रबर सुरीनं कापून मी तो बाहेर काढला. एवढं सगळं होऊनही बोल्ट नळकांड्यातून सुटला नव्हताच. मी तो नालीत फेकणार होते.

'आण इकडं,' बाबा म्हणाले. त्यांनी तो तळहातावर ठेवला, वर-खाली करून वजन बघितलं, आणि रॉकेलचं फडकं मागितलं. नवीन शॉकअप मी अंधार पडायच्या आत लावलं. त्याचा बोल्ट मुकाट्यानं आत गेला. बाबा तोवर तो जुना तुकडा पुसतच बसले होते. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला काहीतरी चाळा. रात्री जेवताना ते एवढंच म्हणाले की कोटाला इस्त्री करून ठेव.

गाडी मी इतकी सावकाश नेली की चामोर्शीच्या रस्त्यावर सायकलवाल्यांनी आम्हाला मागे टाकलं. बाबांच्या पाठीमागे आईच्या दोन गोधड्या. खड्डा आला की मी त्यांच्याकडे बघायची. ते बाहेर बघत होते, आणि गाडी एकदाही वाजली नाही.

गावात पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. मंडप उभा राहत होता, जिलेबीवाल्यानं कढई चढवली होती, आणि माझ्या आत्यानं मला बघून 'किती वाळली' म्हणून रडायला सुरुवात केली. बाबा सरळ रंगमंचासमोरच्या खड्ड्याकडे गेले, जिथं वाजवणारे बसतात. पायपेटी लावून ठेवली होती. ते बसले, भाता मारून बघितला, आणि कोटाच्या खिशातून माझ्या ओढणीचा तुकडा काढला. ओढणी कधी फाडली हे मला आजतागायत सांगितलेलं नाही. त्या कापडात गुंडाळलेला बोल्टचा तो तुकडा त्यांनी षड्जाच्या पट्टीवर ठेवला. पट्टी खाली गेली. सूर लागला आणि तसाच राहिला. मग डावा अंगठा पंचमावर, आणि उजव्या हातानं नांदीची पहिली ओळ.

खुर्च्या मांडणारी माणसं थांबली. मी मंडपाच्या खांबाला धरून उभी होते. हलत नाही म्हणून ज्याला मी इतके दिवस शिव्या घातल्या होत्या तो तिथं बसला होता आणि हलत नव्हता. तबला लावत असलेल्या माणसानं वाकून विचारलं, मास्तर, हे काय ठेवलं? बाबा वाजवतच म्हणाले, 'करंगळी हाय माही.'

रात्रीची नांदी चांगली झाली, असं सगळे म्हणाले. मला विचाराल तर खरी नांदी संध्याकाळीच झाली होती.

तर आज सकाळी तो ऑटो गेला, पोळी करपली, आणि मी गाडीजवळ गेले ती अक्कल येऊन. यंदा गावाकडून निरोप आलेलाच आहे. यंदा वेळ येऊ द्यायची नाही म्हणून मी ग्रीसचा डबा घेतला, खाली बसले, आणि नव्या बोल्टचा नट सैल करायला पाना लावला. म्हटलं, काढून, पुसून, चांगलं ग्रीस भरून ठेवावं, म्हणजे हा तरी गंजणार नाही.

बाबा खुर्ची उन्हात ओढून बसले होते. डावा हात खुर्चीच्या हातावर. अंगठा त्यांनी दाबला, आणि तो हळूच वर आला.

'त्याले ग्रीस नको लावू बाई,' ते म्हणाले. 'पंचमाले एक लागन.'

मी नट होता तसा आवळला आणि डब्याला झाकण लावलं.